नेपाळी गोलकीपर आणि देवाचा एडका

ती घटना आठवली की आजही आधी मला स्वतःचा राग येतो आणि मग हसू येते. गुन्हा काय, तर एका मेंढ्याची चोरी. खून-दरोड्यांचा तपास केलेल्या माणसाने मेंढ्याची गोष्ट सांगत बसावे, हे आमच्या घरच्यांनाही पटत नाही. पण त्या मेंढ्यापायी एका सरळ माणसाची नोकरी जाणार होती, आणि त्या पापाला माझाही हात लागता लागता राहिला. नावे कोणाचीच लिहीत नाही. माणसे अजून त्याच भागात नांदत आहेत.

तेव्हा मी बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. बारामतीच्या एमआयडीसीत नेपाळी कामगार बरेच. कोणी वॉचमन, कोणी आचारी, कोणी मशीनवर. त्यांनी फुटबॉलचा संघ काढला होता. सामना असला की त्यांची बायकामुले दोन टोकांचा लाल झेंडा घेऊन यायची, मादल नावाचा त्यांचा ढोल वाजवायची. त्यातली निम्मी मुले बारामतीतच जन्मलेली, घरात भांडतानासुद्धा मराठीत भांडणारी. पण मैदानावर आली की एकदम हिमालयाची! लोक कुरकुरायचे, "खात्यात हितलं आन् झेंडा तितला."

त्यांची चुरस होती सणसरजवळच्या एका गावच्या संघाशी. ती सगळी धनगरांची पोरे. आजोबांनी मेंढरे राखली, बापांनी ऊस लावला आणि पोरे कंपनीत किंवा भरतीच्या तयारीत. पण सामन्याला त्यांच्या बाजूने पिवळे फेटे, ढोल आणि भंडाऱ्याची उधळण. संघापुढे एक मेंढा चालायचा, देवाच्या नावाने सोडलेला, शिंगांना भंडारा फासलेला. म्हणजे हेही आपले मूळ बरोबर घेऊनच यायचे. त्यांचे मूळ जवळचे होते, एवढेच. म्हणून कोणी कुरकुरत नव्हते.

दसऱ्यानंतरच्या रविवारी दोघांचा अंतिम सामना इंदापुरात ठरला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी संपते न संपते तोच गावचा कप्तान पंधरा-वीस पोरे घेऊन ठाण्यात आला. सोबत त्याचे आजोबा होते. सगळे त्यांना आबा म्हणत.

"सायेब, आमचा एडका चोरीला गेलाय. नवमीपास्नं न्हाय," कप्तान म्हणाला. एडका म्हणजे मेंढा. "नेपाळ्यांनी कापला. म्याचच्या आधी आमचं नाक कापायला!"

मेंढा आबांचा होता, पण बोलत पोरेच होती. मी तक्रार अर्ज घेऊन चौकशीवर ठेवला, स्टेशन डायरीला नोंद केली. दुपारी आमच्या खबऱ्याचा फोन आला. "सायेब, नवमीला नेपाळ्यांच्या खोल्यांमागं जनावर कापलंय. बोकड व्हतं म्हनत्यात. पर कातडं कुनीच बघितलं न्हाय."

दोन पंच घेऊन मी तिथे गेलो. नेपाळी संघाच्या गोलकीपरच्या खोलीमागे राख होती, राखेत जळके केस होते. कातडे कुठेच नव्हते. भिंतीला टेकवलेली ताडपत्री पिवळीधमक झाली होती. आमचे हवालदार माळेगावचे. ते माझ्या कानाशी लागले, "सायेब, भंडारा."

झाले! कातडे गायब, कारण त्यावर मेंढ्याची ओळख पटली असती; आणि भंडारा ताडपत्रीला लागलेला. मला वाटले, तपास संपला. गोलकीपरला ठाण्यात आणून बसवले.

पस्तिशीचा माणूस. पंधरा वर्षे एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन. मी विचारले, "कातडे कुठे आहे?"

"खाल्लं, साहेब."

हवालदार खो खो हसले. मी टेबलावर हात आपटला. "कातडे खातोस होय रे?"

"व्हय साहेब, खातो."

इतक्या सरळपणे बोलला, की मला तो माजच वाटला. त्याला बाकावर बसवून ठेवला. तासाभरात त्याच्या ठेकेदाराचा फोन आला. पोलिसांनी उचललेला वॉचमन गेटवर ठेवता येत नाही, सोमवारपर्यंत तो निर्दोष असल्याचे कळवा, नाहीतर हिशेब करून खोली खाली करायला सांगतो. वॉचमनकडे विश्वासाशिवाय विकायला दुसरे असते काय? मी ही गोष्ट त्याला सांगितली. त्याचा चेहरा उतरला. संध्याकाळी मी म्हणालो, "जा आता, उद्या ये." तर तो उठेना.

"साहेब, असं सोडू नका. लोक म्हणतील, सुटला. खरं काय ते तुम्ही काढा."

चोर सुटायची घाई करतो, हा माझा अनुभव. हा माणूस उलटे बोलत होता. तिथे माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्यांच्या खोल्यांवर गेलो. या वेळी दरडावले नाही, नीट विचारले. गोलकीपरच्या बायकोने फ्रिजमधून पातेले काढून पुढे ठेवले. त्यांचा दसरा पौर्णिमेपर्यंत चालतो, पाहुणे येत राहतात, म्हणून तिने थोडे मटण राखून ठेवले होते. प्रत्येक तुकड्याला कातडी होती आणि ती हळदीने पिवळी होती. "आमच्यात कातडं काढत नाहीत," ती म्हणाली. "केस जाळायचे, खरवडायचं, हळद चोळायची. कालच सांगणार होते, पण कुणी विचारलंच नाही." शेपूट आणि खूर तिने ठेवलेलेच होते. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितले, बोकड आहे.

गोलकीपरने मला अक्षरशः खरे सांगितले होते, आणि मी टेबल बडवत बसलो होतो. लाज वाटली. मग मेंढा गेला कुठे? तेव्हा मला आबा आठवले. ज्याचे जनावर हरवते तो माणूस बसत नाही. बाजार पाहतो, ओढा पालथा घालतो. तक्रारीच्या वेळी पोरे ओरडत होती आणि आबा काठीकडे बघत बसले होते.

मी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. विचारले, "आबा, एडका शोधायला कुठे कुठे गेलात?"

"गेलो न्हाय."

"का बरं?"

"कुठं हाय ते ठावं हाय मला." मग एकदम बोलू लागले, "देवाला सोडल्यालं जनावर ते. ही पोरं त्येला डीजेम्होरं हुभं करत्यात, पायाबुडी फटाकं लावत्यात. सांगितलं तर नातू म्हनतो, आबा, तुमाला म्याचमधलं काय कळतंय? म्हून जावयाच्या मेंढरांत घातला. ती कोकणाकडं निघाल्यात."

"मग ठाण्यात गप्प का बसलात?"

"वाटलं, चार दिस बोंबलतील आन् इसरतील. तवर तुमी त्या मानसाला धरलं. मंग जीभच उचलंना."

"आबा, त्याची नोकरी चालली आहे. सोमवारी तो बायको घेऊन रस्त्यावर येईल."

 आबांच्या डोळ्यांत पाणी आले. ते त्यांनी पुसले नाही. "कोकणात आमी तळ टाकला आन् कुनाची कोंबडी गेली, तर लोक पैलं आमच्याकडं यायचं. भांडी उलथून बघायचं. माझ्या बापाला दोन दिस चौकीत बसवलं व्हतं. आन् सायेब, मी त्येच केलं."

माळेगावच्या पुढे, निरेच्या बाजूला मेंढरांचा तळ सापडला. एडका मजेत चरत होता. कानाची खूण जुळली. मी जबाब घेतला, अर्ज निकाली काढला आणि ठेकेदाराला फोनवर न सांगता स्वतः जाऊन भेटलो. गोलकीपर त्याच दिवशी गेटवर परत उभा राहिला. त्याची माफी मी गेटवरच, चार लोकांसमोर मागितली. वर्दीत मागितली.

आबाही नातवाला घेऊन त्या खोल्यांवर गेले. "चूक माजी हाय," एवढेच बोलले. नातवाची मान खाली. तेव्हा गोलकीपरच्या बायकोने दही-तांदळाच्या लाल टिळ्याचे ताट आणले. त्यांच्यात दसऱ्याला टिळा थोरांनी लावायचा असतो. ती म्हणाली, "आमचं हितं मोठं कोणी नाही, आबा. पंधरा वर्षं फोनवरच आशीर्वाद घेतो." आबांनी दोघांना टिळा लावला.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. परक्या माणसाचे उत्तर चमत्कारिक वाटले, तर ते खोटे ठरवण्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा. पुढच्या नोकरीत तो एक प्रश्न मला फार उपयोगी पडला.

रविवारी बंदोबस्ताला मी इंदापुरात होतो. एका बाजूला लाल झेंडे, दुसऱ्या बाजूला पिवळे फेटे, आणि आबा नेपाळी गोलच्या मागे मांडी घालून बसलेले. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, तेव्हा ते उठले आणि काठी टेकत अख्ख्या मैदानाला वळसा घालून गोलकीपरच्या मागे जाऊन बसले. पोरे ओरडली, "आबा, आपला गोल तिकडं हाय!" आबांनी ऐकले न ऐकल्यासारखे केले.

शेवटच्या मिनिटाला गावाला पेनल्टी मिळाली. नातवाने मारली, गोलकीपर डावीकडे झेपावला आणि चेंडू उजवीकडून आत गेला. गाव जिंकले. भंडारा उधळला. गोलकीपर गवतात तोंड खुपसून पडला होता. आबा त्याच्याजवळ गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळहळून म्हणाले, "चुकलंच माजं, लेकरा. आमचं पोरगं कायम उजवीकडंच मारतंय. आदी सांगाय पायजे हुतं तुला."