गाडी बंद पडली म्हशाच्या जत्रेत

मुरबाडच्या गॅरेजात आज तापलेल्या इंजिनाचा वास आला आणि म्हशाची जत्रा आठवली. आज दुरुस्तीला आणलेली हीच मोटारसायकल तेव्हा मी चालवत होते, माझे हे मागे बसले होते. बैलबाजारापाशी वेग कमी केला नि गरम गाडी बंद पडली. "बाईच्या हातात गाडी टिकत नाय!" सगळ्यांदेखत ओरडून यांनी चावी काढून घेतली, ती कायमची. पुढे यांच्या हातातही ती तशीच बंद पडायची. तेव्हा मात्र पेट्रोल खराब!

आज मेकॅनिक म्हणाला, "टॅपेट, म्हंजे व्हॉल्व्हचे स्क्रू, फार आवळलेत. गरम झाल्यावर स्लोवर इंजिन चालू राहनार कसं?"

टकटक आवाज नको म्हणून यांनीच जत्रेआधी ते आवळून घेतले होते! हे खिशातली चावी चाचपू लागले.

मी हात पुढे केला. "चावी द्या. आता मागं तुमी बसा."