नाकतोड्यासमोर पालथा

पालथे पडून फोटो कसा काढावा, हे मला उत्तम अवगत आहे. त्यानंतर उठावे कसे, हा धडा माझ्या अभ्यासक्रमात नव्हता.

आयुष्यभर शास्त्र शिकवून निवृत्त झालो, तेव्हा मुलीने कॅमेरा आणि हातभर लांबीची टेलिफोटो लेन्स भेट दिली. तिचा उपयोग असा, की कीटकाला न बिचकवता दुरूनच त्याच्या मिशा टिपता येतात. अट एकच : दीड मीटरच्या आतले तिला दिसत नाही. (स्वतःचे गुडघे नेमके याच अंतरात येतात!)

"गुडघ्यांनी एकदा जरी दगा दिला ना, तर हा कॅमेरा कपाटावर. कायमचा!" पत्नीने, म्हणजे सुमतीने, बजावले होते.

"अगं, मी काय म्हातारा झालोय?"

त्या रविवारी सकाळी आम्ही जुळे सोलापुरातून स्कूटरवर विजापूर रस्त्यापलीकडच्या माळावर गेलो. सुमती डबा घेऊन लिंबाखाली बसली. मी क्रमाने आडवा झालो : आधी गुडघे, मग कोपरे, शेवटी श्वास रोखणे. समोर गवताच्या पात्यावर हिरवा नाकतोडा! एक फोटो. दुसरा फोटो. तिसऱ्या मिनिटाला तो उडून गेला. मी उठू लागलो आणि दोन्ही गुडघ्यांनी एकमताने नकार दिला!

हाक मारावी, तर कॅमेरा कपाटावर. मी रिकाम्या पात्याचे फोटो काढत राहिलो.

"अहो, झालं का?"

"शू! फार दुर्मीळ जात आहे!"

पाव तासाने पुन्हा, "अजून तोच?"

"तोच! आता कूस बदलतोय!"

एवढ्यात बाहीत मुंग्या शिरल्या. कीटक आपण होऊन भेटीला आले होते. पण दीड मीटरच्या आत!

अखेर डोक्याशी एक काठी आणि दोन वहाणा येऊन थांबल्या. मेंढपाळ होते.

"मास्तर, जित्तं हाय न्हवं?"

(मी मास्तर असल्याचे यांना कसे कळले, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.)

"हळू बोला, मामा. मला उठता येत नाही. तिला कळता कामा नये."

"मग आसं सांगा की! मेंढरू उलथं पडलं, तर त्याला बी उठता येत न्हाय. खाली हात घालून एका अंगानं उचलायचं. पाय तेवढं झाडू नगा!"

मी पाय झाडले नाहीत. क्षणात उभा!

"आमच्या थोरल्या मेंढीपरीस लई हलकं हाय तुमी," मामा म्हणाले.

सुमती नेमकी तेव्हाच आमच्याकडे पाठ करून डबा उघडत होती. (केवढे माझे भाग्य!) मी रुबाबात चालत गेलो. डब्यात चारांपैकी दोनच भाकरी उरल्या होत्या, आणि दूरवर मामा शेंगाचटणीची बोटे चाटत होते. शास्त्राच्या शिक्षकाने निष्कर्ष काढला. बोलून मात्र दाखवला नाही.

संध्याकाळी तिने सगळे फोटो पाहायला मागितले. दोन नाकतोड्याचे, बाकीचे दोनशे गवताचे! माझी नजर कपाटाकडे. तिने एकेक फोटो शांतपणे पाहिला.

"गवत मात्र सुरेख आलंय हो!" एवढेच म्हणाली.

कॅमेरा आजही टेबलावरच आहे. दर रविवारी डब्यात दोन भाकरी जास्तीच्या असतात. त्या कुणासाठी, हे मी विचारत नाही. मी पालथा झालो, की मामा आपणहून डाव्या अंगाला येऊन उभे राहतात!