शेषरावांचा हात

जानेफळजवळच्या त्या गावात शेषराव देशमुखांनी हात वर केला, की ठराव मंजूर झाला असंच समजायचं. दोनदा सरपंच, एकदा पंचायत समितीचे सभापती. पण त्यांचं खरं राजकारण चालायचं ते ग्रामसभेत, पुढच्या खुर्चीवर बसून. त्यांच्या पाठोपाठ सगळ्यांचे हात वर जात. "आमच्या गावात एकी हाय," असं ते तालुकाभर मिरवत.

यंदा नव्या सरपंचानं एसटी थांब्याजवळची नसीमाची बांगड्यांची टपरी हटवायचा ठराव मांडला. त्या टपरीवरच तिचं घर चालायचं. शेषरावांना राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते विरोध करायला निघाले. "थांबा" म्हणायला त्यांनी हात वर केला, आणि तोंडातून शब्द फुटायच्या आत सभेतले सगळे हात वर गेले.

"एकमतानं मंजूर!" ग्रामसेवक म्हणाला.

शेषरावांनी वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत नसीमाचाही हात वर होता.

ते ताडकन उठले. "अबे, माहा इरोध हाय!"

तसे सगळे हात झटकन खाली आले. ठराव बारगळला. का, म्हणून कोणी विचारलंसुद्धा नाही. जिंकूनही शेषरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर त्यांनी नसीमाला गाठलं. "बाई, सोताचीच टपरी मोडाले तू हात काऊन वर केला?"

"तुमचा वर होता, भाऊसाहेब," ती म्हणाली. "मंग माहा खाली कसा ठेवू?"