खिळ्यावरच्या बांगड्या

आक्कानं हिरवा चुडा आणला होता. माझी बायको गोदा ओसरीवर निजवलेली, आंघोळ घालून झालेली, आणि माझी ही थोरली बहीण तिच्या मनगटाला तेल लावायला बसली... मी म्हणालो, “आक्का, बांगड्या भरायच्या नाहीत.” आक्का म्हणाली, “येडा झाला का रं? अहेव बाईला मोकळ्या हातानं धाडतोस? लोक काय म्हणतील?” मी म्हणालो, “लोकांनी बोटी घासल्या का तिच्यासंगं?” चुडा आला तसा परत गेला. त्याला दीड महिना झाला. अजून भेटायला येणारं माणूस दोनच गोष्टी सांगतं. मी चुकलो, आणि गोदा भाग्याची, नवऱ्याच्या आधी गेली. मी चौथीपर्यंत शिकलेला, मला फार कळत नाही. पण मी मागं राहिलो यात तिचं कसलं भाग्य, ते एकानं तरी समजावून सांगावं. हातांचं मात्र मी सांगतो.

सातपूरला आमची पत्र्याची शेड आहे. फायबरच्या टाक्या, न्हाणीची दारं, असली कामं. आणीबाणी उठली त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात एका कारखानदार शेठची बोट आली. परदेशी, लांब नाकाची, नुसती पळण्यासाठी केलेली. गंगापूर धरणाचं पाणी उतरलेलं, शेठ जोरात गेला आणि बोटीचं पोट खडकावर फाटलं. आम्ही ती जुन्या टायरांवर पालथी घातली. फुटलेलं सगळं ग्राइंडरनं खरवडून काढलं, वाळवलं, काचधाग्यांची मॅट आणि रेझिनचे थर दिले, वर खड्डे बुजवायच्या लुकणाचं, म्हणजे लांबीचं, पुट चढवलं. इथवर माझं काम. घासायचं काम गोदाचं. नांदगावला माहेरी जातं ओढायची, तशी दोन्ही हातांनी पॉलिश पेपर चिकटवलेला लांब लाकडी पाटा ओढायची, आधी तिरका, मग उलटा तिरका. टाकीला उंचसखल चालतं. पळणाऱ्या बोटीला चालत नाही. पोटाला खड्डा राहिला की ती पाण्यावर बेडकासारखी उड्या मारते आणि आतला माणूस बाहेर.

शेवटचा पांढरा थर चढला. तो वॉटर पेपरनं ओला घासायचा. त्याच आठवड्यात आक्कानं गोदाला नवा चुडा भरला होता. घासता घासता एक बांगडी टिचली, काचेचा कण पेपरखाली गेला, आणि पाटा पुढं सरकला तशी पोटावर हातभर चरा उमटला... मी डोक्याला हात लावला. गोदानं चरा बोटानं चाचपला. मनगटाला साबण चोळला आणि एकेक बांगडी उतरवून भिंतीच्या खिळ्याला अडकवली. मी म्हणालो, “अगं, मी जिता हाय अजून!”

“मग जितंच ऱ्हावा की,” ती म्हणाली. “लांबी कालवा.”

चरा भरला, सगळं पोट पुन्हा घासलं. बोट धरणावर नेली. शेठ एकटा फेरी मारून आला, म्हणाला, “मिस्त्री, काम झकास!” मी म्हणालो, “घासलं हिनं.” शेठ हसला. “बायकोला जुंपलंय होय!” मला राग आला, पण मी तोंड उघडायच्या आत गोदाच पुढं झाली. “जुंपलं नाय शेठ, मी आपली आले. आता बसवा मला. बघू तर काय घासलंय ते.” आणि पदर खोचून बसली बया! बोट अशी सुटली की काठावर मीच घाबरलो. ती परतली निथळत, केस सुटलेले, तोंडभर हसत. “खालनं काय बी लागत नाय अवं. ताटावर पाणी सरकावं तसं.”

मग बोटी येत गेल्या आणि बांगड्या खिळ्यावरच राहिल्या. आक्काला ते खुपायचं. तिच्या लेकीच्या लग्नात हळदीकुंकवाचं ताट गोदासमोरून तसंच पुढं नेलं. आक्का मोठ्यानं म्हणाली, “मोकळ्या हाताला कुंकू शोभत नाय.” गोदानं ताट धरून मागं ओढलं, स्वतःच्या हातानं कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, “वन्सं, तुमचा भाऊ तिकडं पंगतीत जिलबी हाणतोय. मेला वाटत असंल तर जाऊन हलवून बघा.” मांडव हसला, आक्का नाही. परतीच्या एस्टीत मी म्हणालो, घाल बाई चार बांगड्या, कटकट मिटंल. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मी तुमची हाय हे काचंनं दाखवायचं का? जाताना बी अशीच जाईन. ध्यानात ठेवा.”

ठेवलं.

आता आक्का म्हणते, निदान त्या खिळ्यावरच्या तरी गंगेत सोड, गेलेल्या बाईच्या बांगड्या ठेवू नयेत. नाही सोडत. ज्याला अशुभ वाटतं त्यानं माझ्या शेडमध्ये येऊ नये. बोटी आता येत नाहीत, टाक्याच येतात, आणि टाकीला ओरखडा गेला तर कुणी वाकून बघत नाही. तरी पाटा हातात घ्यायच्या आधी मी मनगटावरचं घड्याळ काढतो आणि त्याच खिळ्याला अडकवतो, तिच्या बांगड्यांवर.