कूलरसमोरचं इंग्रजी
ओल्या वाळ्याचा वास आला की मला जयपूरचं आमचं भाड्याचं घर आठवतं आणि त्यातला लोखंडी कूलर, जो सुरू झाला की आमेर किल्ल्यावरचे हत्ती दचकायचे; खोटं वाटत असेल तर हत्तींना विचारा. विमा कचेरीतल्या बाबांची बदली झाली म्हणून आईने साताऱ्यातली शिक्षिकेची नोकरी सोडली होती, आणि तिथल्या शाळेतली मुलाखत होती इंग्रजीत. ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ कुठे लावायचं, एवढीच तिला धास्ती. मग रविवारी कूलरसमोर पापड लाटताना तिची तयारी चाले. बाबा ओरडत, “अंडं!” आई त्याहून मोठ्यानं, “अ‍ॅन एग!” “सूर्य!” “द सन!” भिंतीपलीकडून शेजारीण गरजायची, “शाबाश, भाभीजी!” मुलाखतीची खोली मात्र चिडीचूप. आईने सवयीने पहिलंच उत्तर असं ठोकलं की मोठ्या बाईंचा चहा बशीत उतरला. बाहेर स्कूटरपाशी आम्हाला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता, आणि प्रत्येक ‘द’ला बाबा डोळे मिटून मान डोलवत होते. आई लालबुंद होऊन बाहेर आली. “अहो, मी केवढ्यानं ओरडले!” “मग? काय म्हणाल्या?” “म्हणाल्या, पहली के बच्चों को ऐसी ही आवाज़ चाहिए. सोमवारपासून या.” तो कूलर केव्हाच भंगारात गेला. बाबांना आता कमी ऐकू येतं, आम्ही सगळे घसा फोडतो. पण त्यांना पहिल्या हाकेला ऐकू येते ती फक्त आई.