नेच्यांच्या मुळावर आलेले पाहुणे

सार्वजनिक बागेच्या काचघरात मावशी एकतीस वर्षं नेचे, म्हणजे फर्न, सांभाळतायत. बागेतले लोक त्यांना पाठीमागे फौजदार म्हणतात. समोर म्हणायची कुणाची टाप नाही.

त्यांचा एक कायदा होता. बाहेरून आलेली कुंडी, मग ती कुणाच्याही सासरची असो, चाळीस दिवस वेगळ्या कोरड्या खोलीत राहणार. मावशी चार दिवस तापानं आडव्या झाल्या आणि बागेच्या साहेबांनी कायदा गुंडाळला. कुणी बडे पाहुणे येणार म्हणून परदेशी झाडांच्या दोनशे कुंड्या थेट काचघरात मांडल्या.

कुंड्यांबरोबर वऱ्हाडही आलं. करडं, चौदा पायांचं, डिवचलं की औषधाच्या गोळीसारखं गोल होणारं. किडा म्हणायचं, पण गोत खेकड्या-कोळंबीचं. ओल नसेल तर श्वास कोंडून मरतं. काचघरात याचे भाऊबंद आधीपासून होते, पण ते बिचारे कुजकी पानं खाऊन त्यांची माती करणारे. या नव्यांनी आधी त्यांचा घास पळवला, मग कोवळ्या रोपांना तोंड लावलं. माद्या तर पोटाखालच्या पिशवीत पिल्लं घेऊन मिरवत होत्या.

रानातून जवळजवळ नाहीशा झालेल्या एका नेच्याची चाळीस रोपं मावशींनी बीजाणू पेरून तीन वर्षं जोपासली होती. सहा आठवड्यांत अकरा उरली.

"किडा तो किडा," साहेब म्हणाले. "उद्या सगळीकडे फवारा मारून टाकू."

"मारा की. आधी आपले गरीब मरतील, मग रोपं. तुमचे जावई बसतील कुंड्यांच्या बुडाशी पाय पसरून."

"मावशी, जरा तोंड सांभाळून."

"तोंड सांभाळत बसले असते तर या काचघराचं कधीच गोदाम झालं असतं. उचला ती कुंडी. ती नाही, तुमची लाडकी."

साहेबांनी उचलली. खालची फरशी हलत होती. चार-पाच जण मनगटावरून बाहीत शिरले. साहेबांनी कुंडी सोडली नाही, एवढंच त्यांचं पुण्य. संध्याकाळपर्यंत दोनशेच्या दोनशे कुंड्या पिशव्यांत बांधून बाहेर गेल्या आणि फवारा रद्द झाला.

"झालं समाधान?"

"आत सुटलेत ते कोण वेचणार, मी?" मावशींनी त्यांच्यापुढे बटाट्यांची पिशवी आणि सुरी ठेवली. अर्धा बटाटा कोरून संध्याकाळी पालथा ठेवायचा. सकाळी त्याखाली सगळे जमतात. गोळी होईल तो परका, त्याला साबणाच्या पाण्यात टाकायचं. सपाट अंगानं पळेल तो आपला, त्याला सोडायचं.

गेले पाच महिने साहेब रोज अर्धा तास आधी येऊन उकिडवे बसतात. अकरा रोपं अजून अकराच आहेत. परवा साहेबांनी भरलेला डबा मोठ्या कौतुकानं मावशींपुढे धरला. मावशींनी साबणाच्या पाण्यात बोट घालून एक सपाट, मेलेला किडा वर काढला आणि साहेबांच्या तळहातावर ठेवला.

"हा पळत असणार," त्या म्हणाल्या. "उद्यापासून चष्मा घालून या."