वली

"ते पोतं उचल आणि सगळ्यांना दाखव," बाईसाहेब म्हणाल्या.

बुडाखाली घेतलेलं पोतं म्या उचललं. मधोमध वला डाग. मुरूमला आडत दुकानाच्या मागच्या पडवीत आमी पंधरा-वीस बाया शेंगा फोडत होतो. बाईसाहेब म्हंजी आडत्याची बायको. कुणी पदर तोंडाला लावून हासलं, कुणी नाकाला लावला. मी तशीच उभी. लुगडं मागून पार भिजलेलं. रझाकार जाऊन धा वर्सं झाली होती. पर पडवीत राज्य बाईसाहेबांचंच.

त्या दिसापासून माझं नाव गेलं. मी 'वली' झाले. वलीला भाईर उन्हात बसवा. वलीनं फोडलेलं दाणं खायाच्या मालात मिसळू नका, बियाला ठिवा.

चौथ्या बाळंतपणानंतर हे लागलं होतं. खोकले की थेंब. कवा कवा तर उठायच्या आदीच समदं. सासू म्हणायची, बाईच्या जातीला असायचंच, गप सोस. म्या सोसलं. दिसभर पाणीबी प्यायची न्हाय.

मग थोरलीचं लगीन आलं. हळदीच्या दिशी ती खाली बघत म्हणाली, "आई, तू मांडवात नको बसू. सासरची मानसं हायत."

बसले न्हाय. चुलीमागं बसून मंगलाष्टका ऐकल्या. मुठीतल्या अक्षता मुठीतच ऱ्हायल्या. पोटच्या लेकीवर दोन दाणं टाकता आलं न्हाईत मला. ते आजबी आठवलं की जीव तुटतो.

घरात न सांगता एस्टीनं उमरग्याच्या दवाखान्यात गेले. डाक्टरीणबाईनं तपासलं. नाक मुरडलं न्हाय. मला 'तुम्ही' म्हणाली. इचारलं, "दिवसातून कितीदा उठता?"

म्या सांगितलं, दोनदा. भाकरीच्या सुट्टीला आन् घरी जाताना. मधी उठायची बंदी हाय.

ती म्हणाली, "मग आधी उठायला लागा. गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही."

गोळ्या पांढऱ्या. घेतल्या की जीभ टाळूला चिकटायची. वर तिनं शिकवलं, लघवी जिथनं धरतो ती जागा आवळायची, धापतूर मोजायचं, सोडायचं. बसल्या जागी, कुणाला कळत न्हाय. आन् लागो न लागो, ठरल्या येळेला जायचं, मग हळूहळू येळ वाढवायची. माझ्यापाशी घड्याळ कुठलं? पर दुकानाजवळ शाळा होती. तासाची घंटा झाली की उठायचं, असं ठरलं.

दुसऱ्या दिशी घंटा झाली. उठले.

"वली, बस खाली," बाईसाहेब म्हणाल्या.

म्या म्हणलं, "बसनार न्हाय."

बाभळीमागं जाऊन आले तर माझं पोतं रस्त्यावर फेकलेलं. काम गेलं. एक बाई वर बघंना.

तीन-चार महिन्यांत बरंच आवरलं. पुरतं न्हाय. इतकं सोपं होतं तर आदी कुणी का सांगितलं न्हाय मला? लेकीचं लगीन काय परत होत न्हाय.

आता धाकटी त्याच पडवीत शेंगा फोडायला जाती. दुसरं काम न्हाय. पयल्या दिशी तिला दारात थांबवून सांगितलं, लागली की उठायचं. इचारायचं न्हाय. कुणी बस म्हणलं तर सांग, मी वलीची लेक हाय.